आईचे शब्द आणि माझी तिसरी कादंबरी

मी लोणावळ्याच्या कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते आणि विज्ञान कादंबऱ्या लिहिते. पहिल्या दोन कादंबऱ्या आल्या तशा गेल्या. त्यांत अंतराळयानं होती, स्फोट होते, आणि माणसं एकमेकांशी पाठ्यपुस्तकातल्यासारखी बोलत होती. हे तेव्हा मला कुणी सांगितलं नाही.

तिसरीवर काम चालू असताना आईला अर्धांगाचा झटका आला. ती जवळच औंढ्याला माझ्या भावाकडे राहायची. सकाळी रानात निघाली आणि दारातच बसली. दवाखान्यातून घरी आली तेव्हा चालायला लागली होती, पण शब्द जागेवर नव्हते. समोरचा माणूस काय म्हणतोय ते तिला नीट कळायचं. तोंडातून मात्र भलतंच निघायचं. पाणी हवं असलं की ती म्हणायची, "कुलूप दे."

आम्ही गोंधळायचो. आपण चुकलो हे तिला समजायचं, मग ती चिडायची आणि दिवसभर गप्प राहायची. विहारातल्या वंदनेत मात्र सगळ्यांबरोबर एकही शब्द न चुकता म्हणायची. त्याचंच भावाला नवल वाटायचं. वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी सांगितलं, "गाताना, पाठ असलेलं म्हणताना असं होतं. सारख्या चुका दाखवू नका. त्या काय म्हणतायत ते ओळखा आणि बोलत राहा."

तेव्हा मी सुट्टी घेऊन तिच्याजवळ राहिले. हळूहळू लक्षात आलं की काही शब्द पक्के झालेत. पाणी म्हणजे कुलूप, भाकरी म्हणजे चाक, आणि माझा भाऊ म्हणजे पाऊस. भाऊसुद्धा सवयीने वहिनीला हाक मारायचा, "अगं, आईला कुलूप दे!" वहिनी तांब्या घेऊन यायची. आई हसायची.

माझ्या कादंबरीत माणसं लांबच्या प्रवासात झोपून राहतात आणि एका नव्या ग्रहावर जागी होतात. जागं झाल्यावर त्यांची स्मृती गेलेली असते, असं मी लिहिलं होतं. ते पुढे सरकतच नव्हतं. आईजवळ बसल्यावर वाटलं, स्मृती कशाला जायला हवी? सगळं आठवतंय, फक्त शब्द हललेत, असं झालं तर? पहिल्याच दिवशी त्यांना पाणी शोधायचंय, आणि पाण्याला काय म्हणायचं यावर त्यांचं एकमत नाही.

पण हे शब्द आईचे होते, आणि तिच्या आजारातून आलेले. मी तिला सगळी गोष्ट सांगितली आणि विचारलं, "तुझे शब्द पुस्तकात घेऊ का?"

 ती एकेक शब्द जुळवत म्हणाली, "घे. लय... पडल्यात."

मग मी लिहीत गेले. प्रकाशकांनी हस्तलिखित वाचून फोन केला. "वाचकाला कळणार नाही. शेवटी शब्दांचे अर्थ द्या."

"आम्हाला घरी कुणी अर्थ दिले नव्हते," मी म्हटलं. त्यांनी अखेर माझं ऐकलं, पण फार खूश नव्हते.

पुस्तक निघेपर्यंत आई बरीच सुधारली होती. एका दुपारी तिने सरळ "पाणी" म्हटलं. घरात सगळ्यांना आनंद झाला. मलाही झाला, आणि जरा चुकल्याचुकल्यासारखंही वाटलं. ते मी कुणाला बोलले नाही.

या कादंबरीला पुरस्कार मिळाल्याचा फोन आला तेव्हा मी वडगावला तहसील कार्यालयाबाहेर झेरॉक्सच्या रांगेत होते. पलीकडचं बोलणं धड ऐकू येत नव्हतं. "कुठल्या पुस्तकाला?" असं मी दोनदा विचारलं.

पुण्याच्या समारंभाला आईला नेलं. भाषणात मी शब्द कुठून आले ते सांगितलं. संयोजकांनी माइक तिच्यापुढे धरला. मी घाबरले. ती उभी राहिली आणि म्हणाली, "शबूद माजं हायती. लिवलं हिनं." सभागृह हसलं, मग टाळ्या वाजत राहिल्या.

कार्यक्रम संपल्यावर एक बाई भेटल्या. त्यांच्या यजमानांनाही झटका आला होता. "त्यांना तुमचं पुस्तक रोज थोडं वाचून दाखवते," त्या म्हणाल्या. "तुमची माणसं चुकली की ते हसतात. इतके महिने हसले नव्हते." परीक्षकांनी त्या दिवशी काय काय म्हटलं ते मी विसरले आहे, हे नाही.

आता चौथी कादंबरी चालू आहे. रविवारी औंढ्याला जाऊन आईला वाचून दाखवते. ती ओसरीवर शेंगा फोडत ऐकते. गेल्या खेपेला यानाचा कप्तान मरताना लांबलचक बोलत होता. आई मध्येच म्हणाली, "त्यो लय बोलतोय. मरताना येवढं कुनी बोलत न्हाई."

मी त्याची दोन पानं काढून टाकली.