टॅम्पिनीसमधले वकीलसाहेब आणि दोन कोरे अंगठे

आधीच सांगून टाकते, मी संशयी बाई आहे. नवऱ्याच्या भाषेत, दूधवाल्याने फुकट दूध दिलं तरी मी त्याचा हेतू शोधेन. त्यामुळे मी एकटी सिंगापूरला निघाले म्हटल्यावर घरात पहिला प्रश्न आला, "कशाला?" मी सांगितलं, गावच्या शाळेच्या स्मरणिकेसाठी वकीलसाहेबांवर लेख लिहायचाय. म्हातारे आता मुलीकडे टॅम्पिनीसला असतात. हे खरं होतं, पण अर्धंच.

उरलेलं अर्धं अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं; गावच्या शाळेत शिकवायचे, सगळे त्यांना मास्तर म्हणतात. आमचं गाव गोव्याच्या अगदी हद्दीवर. गोवा केंद्रशासित प्रदेश होता तेव्हाची गोष्ट. आजोबा भाटकाराचं, म्हणजे जमीनदाराचं कुळागर कसायचे, म्हणजे पोफळी-नारळांची बाग. भाटकाराने त्यांना बाहेर काढायला खटला घातला आणि आमच्या बाजूने वकीलसाहेब उभे राहिले. तेव्हाची पद्धत अशी, की दर तारखेला डोंगर उतरून यायला नको म्हणून अशील कोऱ्या कागदांवर अंगठा उठवून ठेवायचं आणि लागेल तो अर्ज वकील त्यावर लिहायचे. आजोबांनी अण्णांच्या डोळ्यांदेखत असे दोन कागद दिले. आणि एक दिवस कोर्टात तडजोड दाखल झाली. घर राहिलं, कुळागर गेलं.

अण्णांची खात्री झाली, की कोऱ्या कागदावर तडजोड लिहून वकिलाने भाटकाराची मतं मिळवली. साहेब तेव्हा आमदार होते. पुढच्या निवडणुकीत अण्णांनी भोंगा घेऊन गावोगाव फिरून त्यांना पाडलं. साहेब परत कधी उभे राहिले नाहीत. यंदा आजारातून उठल्यावर अण्णा मला म्हणाले, "तो जायच्या आधी त्याला विचार. मी जायच्या आधी मला सांग." अण्णा पंच्याऐंशीचे आहेत. मी तिकीट काढलं.

आता जाणाऱ्यांसाठी कामाचं. व्हिसा एजंटकडून आधी काढावा लागतो. तिथे उतरायचा फॉर्म मात्र सरकारी साइटवर फुकट भरता येतो, पैसे मागणाऱ्या साइटवर जाऊ नका. (मी तीनदा पत्ता तपासला.) मुंबईहून साडेपाच तासांचं विमान. लिटल इंडियात हॉटेल घेतलं; खोली एवढीशी, की बॅग उघडली तर दार उघडेना. पण शाकाहारी जेवण पायाशी आणि मेट्रोही खालीच. मेट्रोला वेगळं तिकीट लागत नाही, आपलं बँकेचं कार्ड टेकवलं की झालं. लिटल इंडियाहून टॅम्पिनीसला गाडी न बदलता जाता येतं.

पहिल्या दिवशी हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या मंडईत, माझी फजिती झाली. रिकाम्या टेबलावर कागदी रुमालांचं पाकीट पडलेलं. कुणीतरी विसरलं असेल म्हणून मी ते उचलून बाजूला ठेवलं आणि ऐसपैस बसले. पाच मिनिटांत ताट घेऊन एक आजीबाई आल्या आणि माझ्याकडे असं बघू लागल्या, जणू मी त्यांच्या घरात घुसले होते. पाकीट ठेवलं की जागा धरली, असा इथला रिवाज. चोरायला कुणी येत नाही म्हणे. मला हे पटायला अख्खी इडली लागली.

साहेबांच्या मुलीचं नाव मेधाताई, एका फर्ममध्ये अकाउंटंट. पहिल्या दिवशी फोनवर म्हणाल्या, "बाबांना बरं नाही, उद्या या." दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "आज नोव्हेना भागातल्या डॉक्टरकडे नेतेय, उद्या नक्की." झालं! माझ्या डोक्यात चक्र सुरू. मी कुणाची ते हिला कळलं असणार. कागद लपवायला दोन दिवस पुरेत. तो दिवस मी बोटॅनिकल गार्डनमध्ये काढला. बाग सुंदर आहे, तिकीट नाही (आतल्या ऑर्किडच्या बागेला तेवढं आहे), सकाळी लवकर जा. मी मात्र एकही ऑर्किड धड बघितलं नाही.

तिसऱ्या दिवशी दहाव्या मजल्यावरच्या फ्लॅटचं दार मेधाताईंच्या मुलीने उघडलं. आत वळून ओरडली, "आजोबा, your reporter is here!" आणि मला हळूच म्हणाली, "He will talk three hours, Aunty. Cannot stop one lah."

साहेब खिडकीशी बसले होते. ब्याण्णव वर्षं, अंगात इस्त्रीचा सदरा. आणि बोलले, अगदी तीन तास बोलले! हद्दीच्या दोन्ही बाजूंच्या कोर्टांत सायकलने जायचे, नाक्यावरचा पोलीस रोज पिशवी उलटी करायचा. जुने दस्त पोर्तुगीजमध्ये, म्हणून पाद्र्याकडून ती भाषा शिकले. अशील फीऐवजी फणस आणायचं. विधानसभेत पहिलं भाषण करताना पाय लटपटले म्हणून टेबल धरून उभे राहिले. माणूस गोड बोलतो, मी मनात म्हटलं. पुढारीच तो.

मग मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "भाटकाराच्या कुळागराचा एक खटला होता ना?"

साहेब थांबले. "कुणाची गो तू?"

मी सासरचं नाव सांगितलं.

"ते ऐकलं. स्मरणिकावाले निवडणुकीचं विचारतात. कुळागराचं विचारणारी माहेरवाशीण असते. मास्तरांची मुलगी ना?"

मेधाताई चहा ठेवता ठेवता थांबल्या. आता लपवण्यात अर्थ नव्हता. मी सरळ विचारलं, "आजोबांनी किती कोरे कागद दिले होते?"

"दोन." आणि मुलीला म्हणाले, "ती लोखंडी पेटी आण."

भारत सोडताना साहेबांनी दोनच बॅगा आणल्या आणि त्यातल्या एकीत ही पेटी. आत अशिलांचे न वापरलेले अंगठे, गावानुसार बांधून ठेवलेले. आमचे दोन्ही निघाले. कागद पिवळे पडलेले, खाली निळा अंगठा, त्यावर कोयतीच्या जखमेची तिरकी रेघ. वर एक अक्षर नाही.

"हे जाळले का नाहीत?" मी विचारलं. संशय काय असा सुटतो!

"जाळले असते तर आज तुला काय दाखवलं असतं?"

"मग निवडणुकीत का नाही दाखवले? तुम्ही पडलात ना!"

"दाखवले असते तर लोकांनी विचारलं असतं, मग तडजोडीवर अंगठा दिला कुणी? आणि का?" ते खिडकीबाहेर बघू लागले. "तुझ्या आजोबांनी स्वतः कोर्टात येऊन दिला. का, ते मी सांगणार नाही. ते माझे अशील होते."

"अहो, त्यांना जाऊन चाळीस वर्षं झाली!"

"म्हणजे मला मोकळं करणारं कुणी उरलं नाही. कागद घेऊन जा. ते तुमचे."

परतीच्या मेट्रोत मी पिशवी पोटाशी धरून बसले. सगळं पटत होतं आणि म्हणूनच पटत नव्हतं. तिसरा कागद नसेल कशावरून? वकिलाला दोन म्हणायला काय जातं? चांगी विमानतळावरचा तो प्रसिद्ध धबधबा बघा, चुकवू नका, असं सगळे सांगतात. मी त्याच्यासमोर अर्धा तास बसले आणि कागद मोजत राहिले. दोनच होते.

घरी आल्यावर अण्णांना काहीच सांगितलं नाही. नुसते कागद पुढे ठेवले. त्यांनी चष्मा लावला, त्या तिरक्या रेघेवर बोट फिरवलं, कागद उलटे करून पाहिले.

"दोन्ही कोरे?"

"दोन्ही. आजोबा स्वतः कोर्टात गेले होते म्हणे. कारण सांगत नाहीत."

अण्णांनी चष्मा काढून कागदांवर ठेवला. मग म्हणाले, "कुळागराच्या हद्दीचा धोंडा आम्ही हलवला होता, बापाने आणि मी. चार पावलं, भाटकाराच्या बाजूला. मला वाटलं, कुणाला कळलं नाही. मी तेव्हा शाळेत नुकताच लागलो होतो." "भाटकाराला कळलं असणार. फौजदारी झाली असती तर मास्तरकीची नोकरी गेली असती गो माझी. बापाने बाग दिली आणि मला ठेवलं. आणि मी भोंगा घेऊन..."

मला रडू आलं. संशय घ्यायला आता जागाच नव्हती आणि मला त्याचीच लाज वाटत होती.

"फोन लाव," अण्णा म्हणाले.

मेधाताईंनी फोन साहेबांकडे दिला. पडद्यावर तीच खिडकी, तोच इस्त्रीचा सदरा. अण्णा अवघडून उठले आणि हात जोडून उभे राहिले.

"साहेब, त्या धोंड्याच्या दुसऱ्या टोकाला मी होतो."

"ठाऊक आहे," साहेब म्हणाले. "तुझ्या बापाने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. बस रे आता, मास्तर. किती वेळ उभा राहशील?"