जाड्याची शिंक

कवळीवाल्यांना आयुष्यात राग यावा असं फारसं काही नव्हतं. एक आवाज सोडला तर. दाराची कडी वाजली, कप बशीवर टेकला, कोणी पेपरचं पान उलटलं, की त्यांच्या कपाळावर आठ्या. आणि घरात आवाज करणारं माणूस होतं एकच, त्यांची बायको. बिचारी चाळीस वर्षं संसार करत होती, आणि त्यातली शेवटची सहा चवड्यांवर चालत.

माणूस वाईट नव्हता हो, उगाच कशाला खोटं बोला. दातांच्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत बसून छत्तीस वर्षं त्यांनी लोकांच्या कवळ्या बनवल्या, नावही तिथूनच पडलं. निवृत्त झाल्यावर बारीक ब्रश, आकडे, मेण, भिंग असं सगळं सामान घरी आलं, आणि नेमक्या त्याच आठवड्यात जुन्या बाजारात त्यांच्या हाताला एक ग्रामोफोन आणि एक तबकडी लागली. लाखेची, काळी, काठाला तडा गेलेली. पाकिटावर एका भल्या जाडजूड माणसाचा फोटो, छातीवर हात ठेवलेला. घरी आणून लावली आणि कवळीवाले जे खुर्चीत बसले ते बसलेच. शेवटी बायकोने येऊन विचारलं, "अहो, बरं वाटत नाहीये का?"

ऑपेरा म्हणजे अख्खं नाटक गाऊन करायचं, आणि त्यात जो पुरुष सगळ्यात उंच सुरात गातो तो टेनर, ही माहिती त्यांना पुढे मिळाली. भाषेचं म्हणाल तर एक अक्षर कळत नव्हतं. पण त्यावाचून काय अडतंय? अर्थ त्यांनी स्वतःच लावला होता. त्यांच्या मते जाड्या आपल्या आईला सांगत होता की मी आता घर सोडून चाललो, माझी वाट बघू नकोस. (हो, एवढ्या थोर गायकाला ते जाड्याच म्हणत, आणि दुसऱ्या कोणी म्हटलं की भडकत.) एकदा कोणीतरी पुस्तकात बघून सांगितलं की हे गाणं घोडा हरवल्याचं आहे. कवळीवाले म्हणाले, "पुस्तक चुकलंय."

हे सांगणारा माणूस जुन्या तबकड्यांच्या मंडळातला. मंडळात अकरा सभासद, आणि अकरा जणांचे मिळून धड चालणारे कान बारा-तेरा. अध्यक्ष होत्या बाई, शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. बैठक त्यांच्याच दिवाणखान्यात भरायची, आणि तिथे भिंतीला लागून होतं ते कपाट. बाईंच्या वडिलांचं. आत चारशे तबकड्या, सगळ्या टेनरांच्या, आणि वीस वर्षांत ते कपाट उघडलेलं नव्हतं. किल्ली बाईंच्या पर्सच्या आतल्या कप्प्यात. कवळीवाले बैठकीत बसायचे ते कपाटाकडे तोंड करूनच. त्यांचा सगळा जीव त्या कपाटात अडकलेला होता, आणि हे मंडळात सगळ्यांना माहीत होतं. बाई एवढंच म्हणायच्या, "लायक हात दिसले की देईन."

आता कवळीवाल्यांची कामाची पद्धत ऐका, कारण सगळा घोळ तिथेच झाला. तबकडी आली की आधी शुद्ध पाण्यात साबणाचा एक थेंब टाकून मऊ ब्रशने तिची खाच न् खाच धुवायची. स्पिरिट चुकूनही लावायचं नाही, लाख विरघळते. तडा असेल तर काठावर कवळीचं मेण. मग ग्रामोफोनला किल्ली द्यायची, नवी सुई लावायची, कर्ण्यासमोर माइक ठेवायचा आणि तबकडी वाजवायची. एकदाच! प्रत्येक वेळी वाजवलं की सुई थोडा आवाज खरवडून नेते, म्हणून एक तबकडी, एक ध्वनिमुद्रण. पुन्हा तिला हात लावायचा नाही. पुढचं सगळं काम कॉम्प्युटरवर. कानाला हेडफोन लावून एकेक खरखर, एकेक टकटक शोधायची आणि दातातली कीड काढावी तशी काढायची. जाड्याच्या त्या तडकलेल्या तबकडीतून त्यांनी तीन हजार चारशे बारा टकटक काढल्या. आकडा मी सांगत नाहीये, वहीत लिहून ठेवलाय त्यांनी.

ज्या दुपारी जाड्याचं ध्वनिमुद्रण झालं, त्या दुपारी बायको झोपायच्या खोलीतल्या कपाटात डोकं घालून जुन्या रजया काढत होती. ग्रामोफोनही त्याच खोलीत. कवळीवाले आले आणि म्हणाले, "आहेस तिथेच थांब. हलायचं नाही. चार मिनिटं!" माइक चालू केला, सुई टेकवली आणि स्वतः चवड्यांवर बाहेर पळाले. कारण कोणी येऊन घंटी वाजवली तर? ते जिन्याच्या तोंडाशी हात आडवे करून उभे राहिले. वरच्या मजल्यावरच्या आजोबांना त्यांनी चार मिनिटं भाजीच्या पिशवीसकट खाली अडवून धरलं.

संध्याकाळी हेडफोन लावून ऐकलं आणि कवळीवाले ताडकन उभे राहिले. गाण्याच्या शेवटी सगळी वाद्यं थांबतात. जाड्याही थांबतो. तीन सेकंद शांतता, आणि मग तो वरचा सूर. त्या तीन सेकंदांत, दुरून, दबक्या आवाजात, एक शिंक! आधी दोन छोटे श्वास, मग बारीक, उंच शिंक, आणि तिच्यामागे एक शेपूट. आणि लगेच जाड्याचा सूर, जराही न हलता!

"ऐकलंस का?" ते धावत स्वयंपाकघरात गेले. "जाड्याला सर्दी होती! शिंकला, आणि तरी सूर लावला! नव्वद वर्षांपूर्वीची जिवंत शिंक, आणि आजवर कोणाला ऐकू आली नाही!" त्यांनी हेडफोन बायकोच्या कानाला लावला. तिने ऐकलं. त्यांच्याकडे बघितलं. पुन्हा ऐकलं.

"कशी आहे?" त्यांनी विचारलं.

"बरी आहे," ती म्हणाली, आणि भाजी चिरायला लागली.

"बरी? अगं, सुरात आहे ती! शिंकावं तर असं. नाहीतर तू." आणि डोळे मिटून ते म्हणाले, "वाहवा!"

मंडळात हलकल्लोळ झाला. सभासदांत एक डॉक्टर होते, नाक-कान-घशाचे, निवृत्त. त्यांनी मंडळाच्या पत्रिकेत त्या शिंकेवर चार पानी लेख लिहिला. शिंक पुरुषाची, वजन एकशे दहा किलोच्या आसपास, नाकाचा पडदा डावीकडे वाकलेला, धुळीची जुनी तक्रार, स्वभाव हट्टी, आणि शेवटी ठळक अक्षरात: ही शिंक स्त्रीची असूच शकत नाही. बाईंनी तो लेख दोनदा वाचला आणि जाहीर केलं की वार्षिक बैठकीत आधी मूळ तबकडी वाजेल, मग कवळीवाल्यांनी साफ केलेलं ध्वनिमुद्रण, आणि मग कपाटाची किल्ली, ज्याने ही शिंक जगाला दिली त्याला. कवळीवाल्यांना दोन आठवडे जेवण गेलं नाही. भिंत मोजून झाली, कपाटाची जागा ठरली, बायकोचं शिवणाचं मशीन हलवायचंही परस्पर ठरलं.

बैठकीच्या दिवशी सकाळी त्यांना वाटलं, मूळ तबकडी वाजवायचीय तर एकदा बघून घ्यावी. जिवावर आलं, पण नवी सुई लावली. या वेळी मात्र ते खोलीतच बसले. जाड्या गायला, वाद्यं थांबली, शांतता. शिंक नाही. सूर आला.

त्यांनी पुन्हा लावली. शिंक नाही. तिसऱ्यांदा लावली, स्वतःचा नियम मोडून. शिंकेचा पत्ता नाही. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

तेवढ्यात बायको बैठकीला नेसायची साडी काढायला त्याच कपाटात वाकली. दोन छोटे श्वास. मग बारीक, उंच, आणि मागे शेपूट.

कवळीवाले खुर्चीवरून उठेनात. "तू..." ते म्हणाले. "त्या दुपारी..."

"अहो, तुम्हीच म्हणालात ना, हलायचं नाही. मी हलले नाही. शिंकले."

"आणि तुला माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून. स्वतःची शिंक ओळखू येणार नाही का मला?"

"मग बोलली का नाहीस? चार पानी लेख लिहिला त्यांनी! एकशे दहा किलो लिहिलंय!"

तिने साडीची घडी छातीशी धरली. "तुम्ही डोळे मिटून वाहवा म्हणालात," ती म्हणाली. "चाळीस वर्षांत मला पहिल्यांदा म्हणालात. मला नव्हतं म्हणालात, माहितीये. पण होती तर माझीच ना. मग कशाला सांगू?"

कवळीवाले कॉम्प्युटरपुढे जाऊन बसले. ती शिंक काढणं म्हणजे दोन मिनिटांचं काम. चूक झाली, खरखर होती, असं काहीतरी सांगता आलं असतं. तसंच ठेवलं असतं तरी चाललं असतं, मूळ तबकडी झिजली म्हणून थाप मारली असती, बाकीच्या दहा म्हाताऱ्यांना काय कळणार होतं? पडद्यावर त्या शिंकेची रेघ उभी होती. त्यांनी तिच्यावर बाण नेला. बोट बटणावर ठेवलं. आणि बोट काही खाली जाईना. मेलं हे काय होतंय, म्हणून त्यांनी चष्मा पुसला. चष्मा ओला होता.

बैठकीत ते उभे राहिले आणि एका दमात बोलून मोकळे झाले. "तबकडीत शिंक नाही. ती आमच्या हिची आहे. मी जिन्यात होतो आणि ही रजयांत. मला किल्ली नको. म्हणजे हवी आहे, पण नको."

उठले डॉक्टर, लालबुंद. "अशक्य! मी चाळीस वर्षं नाकं बघितली आहेत! हा माणूस नम्रपणाने बोलतोय. पुरावा काय?"

झालं! पुरावा म्हणजे बायकोने सगळ्यांसमोर शिंकून दाखवायचं. मधोमध खुर्ची ठेवली. ती बिचारी इस्त्रीच्या साडीत बसली, अकरा जण कान पुढे करून. पण शिंक अशी मागून मिळते का? कोणीतरी पीस आणलं. कोणीतरी म्हणालं, दिव्याकडे बघा. एकाने खिशातून तपकीर काढली, आणि नेमकी डॉक्टरांनाच सात शिंका आल्या, सगळ्या बेसूर.

बाई उठल्या. पर्समधून किल्ली काढली आणि वीस वर्षांनी ते कपाट उघडलं. आतून धुळीचा असा लोट आला की पुढच्या रांगेतले दिसेनासे झाले. आणि त्या धुळीतून आवाज आला. दोन छोटे श्वास. बारीक, उंच, शेपटासकट. एकदा नाही, तीनदा.

"वन्स मोअर!" मागून कोणीतरी ओरडलं, आणि तिने खरंच चौथी दिली.

डॉक्टर भिंग घेऊन पुढे आले. "नाकाचा पडदा डावीकडे वाकलाय का हो?"

"हो. लहानपणी पडले होते."

"धुळीचा त्रास? स्वभाव हट्टी?"

"यांना विचारा."

"मग निदान बरोबरच आहे," डॉक्टर छाती फुगवून म्हणाले. "फक्त रोगी बदलला."

बाईंनी किल्ली हातात घोळवली. "मी शब्द दिला होता, ज्याने शिंक दिली... जिने शिंक दिली तिला किल्ली. घ्या." आणि किल्ली त्यांनी कवळीवाल्यांच्या बायकोच्या हातावर ठेवली.

कवळीवाल्यांनी मनातल्या मनात भिंत पुन्हा मोजली. चारशे तबकड्या! घरातच आल्या म्हणायच्या की! बायकोने रुमालाने नाक पुसलं, कपाटाकडे बघितलं आणि म्हणाली, "ही धूळ माझ्या घरात येणार नाही."

त्यांचा चेहरा इतका पडला, इतका पडला, की तिलाच हसू फुटलं. "एकेक आणा," ती म्हणाली. "इथे बाईंच्या गॅलरीत धुवायची, पुसायची, मग घरी. दर रविवारी एक. मशीन हलणार नाही. आणि ध्वनिमुद्रण चालू असताना मी खोलीत बसणार, खुर्चीवर, चहा घेऊन. चमचा ढवळून."

"चारशे रविवार?" कवळीवाल्यांनी हिशोब केला. "अगं, आठ वर्षं होतील! मी एक्काहत्तर वर्षांचा आहे!"

"मग जगा," ती म्हणाली. किल्ली तिने पदराच्या टोकाला बांधली.

पुढच्या रविवारी पहिली तबकडी घरी आली. वेगळा टेनर, बारीक चणीचा, पण सूर असा की खिडकीची तावदानं वाजावीत. कवळीवाल्यांनी माइक ठेवला, नवी सुई टेकवली आणि, जिन्यात न जाता, तिच्या शेजारी बसले. तिने चहा ढवळला. त्यांनी दात आवळले आणि काही बोलले नाहीत. कुठेतरी धूळ राहिली असणार. शेवटच्या सुराच्या जरा आधी तिने पहिला श्वास घेतला, मग दुसरा, आणि घाबरून दोन बोटांनी नाक दाबून धरलं. डोळ्यांत पाणी, चेहरा लाल. तबकडी फिरत होती. ही वाजणार एकदाच, हे दोघांनाही माहीत होतं.

कवळीवाल्यांनी हात पुढे केला आणि तिची बोटं नाकावरून अलगद काढली.

"येऊ दे गं," ते कुजबुजले.

साफसफाई संपली तेव्हा त्यांनी वही उघडली. तारीख, तबकडीचा नंबर, गायकाचं नाव, वाद्यवृंद, काढलेल्या टकटक दोन हजार एकशे सहा. त्याखाली थोडा विचार करून त्यांनी आणखी एक ओळ लिहिली: शिंक, घरची. काढलेली नाही.