मिस्त्री आणि बसाप्पाची वही

सायकलवर बसण्याआधी मिस्त्री तिची झडती घ्यायचे. रात्रीत कुणी नट सैल केला असेल, ब्रेकची तार कापली असेल, अशा खात्रीनं चाकापासून सीटपर्यंत बोटं फिरवायचे. सायकल त्यांच्याच घरात, त्यांच्याच खाटेला साखळीनं बांधलेली असायची, तरीही. "घरात बी माणसंच ऱ्हात्यात की," हे त्यांचं उत्तर.

शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत लाकडी साचे करण्यात त्यांचा जन्म गेला होता. साचा सूतभर चुकला तर पुढचं सगळं ओतकाम भंगारात जातं, म्हणून मोजल्याशिवाय काहीच खरं मानायचं नाही, ही सवय हाडात मुरलेली. नव्वदच्या दशकाच्या शेवटी ते निवृत्त झाले आणि दर रविवारी सकाळी शिवाजी पेठेतून आम्हा चार-पाच जणांना घेऊन बाहेर पडू लागले. मी शाळामास्तर, बाकीचे दुकानदार आणि कारकून. रंकाळ्याला वळसा, कळंब्याचा तलाव, चिखलीकडची उसातली वाट. आम्ही हौसेनं फिरायचो. मिस्त्री मात्र तपासाला निघाल्यासारखे पुढे असायचे.

एखादा शेतकरी "हितनं जावा की पावणं, जवळच हाय," म्हणाला, की मिस्त्री लगेच दुसरीकडे वळायचे. "जवळ हाय म्हणतोय म्हंजे ह्यो कधी गेलाच न्हाय." मैलाच्या दगडावरही त्यांचा विश्वास नव्हता. एकदा बंधाऱ्यावरचं पाणी "लईच गप" दिसतंय म्हणून त्यांनी आम्हाला तोंडावरून परत फिरवलं. बंधारा खरंच खचला होता का, ते आम्हाला कधीच कळलं नाही.

त्यांची लाडकी वाट कात्यायनीच्या डोंगरामागची. दोन्हीकडे करवंदीच्या जाळ्या आणि वर चढलं की सगळं कोल्हापूर पायाशी. ही वाट कुणाला सांगायची नाही, अशी आम्हाला ताकीद होती. "वाट गावली की मागनं प्लॉटवाला येतोय." वाटेच्या टोकाला दादूचं रान होतं. दादू म्हणजे मिस्त्रींचा तालमीतला जुना जोडीदार. साऱ्या जगात मिस्त्री सायकलला कुलूप न लावता फक्त दादूच्या खोपीपाशी ठेवायचे.

अशात बसाप्पा आला. गडहिंग्लजकडचा, सरकारी कचेरीतला कारकून, चाळिशीचा, हळू बोलणारा. तो चढाला हमखास मागे राहायचा. एकदा मी मागे वळून पाहिलं, तर सायकल झाडाला टेकवून तो छोट्या वहीत काहीतरी लिहीत होता. मला पाहताच त्यानं वही खिशात घातली. मी ते मिस्त्रींना सांगितलं. नुसतं सांगितलं असतं तरी चाललं असतं, पण वर "मला काही हे बरं दिसत नाही," असंही म्हणालो.

त्यानंतर मिस्त्री पुढं असले तरी त्यांचे कान मागेच असायचे. बसाप्पानं घराचा पत्ता विचारला, संशय. शेंगा आणल्या, संशय. "फुकटच्या शेंगा कोण देतोय, मास्तर?"

आणि एका रविवारी करवंदीच्या वाटेवर पांढऱ्या चुन्याच्या रेघा दिसल्या. जाळ्या तोडलेल्या, ओळीनं रोवलेले दगड, त्यावर आकडे. मिस्त्री खाली उतरले. बसाप्पा धापा टाकत पोहोचेपर्यंत थांबले.

"तुझ्या वहीतनंच आलाय न्हवं ह्यो चुना?"

बसाप्पाला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्यानं आमच्यातल्या एकेकाकडे पाहिलं. मी बुटाकडे बघत राहिलो. त्यानं खिशातली वही काढून मिस्त्रींच्या कॅरियरला अडकवली. "वाचा मिस्त्री. मग ठरवा," एवढंच म्हणाला आणि उतारानं निघून गेला.

"खरी वही घरात ठेवली असंल," मिस्त्री पुटपुटले. पण रान कुणी मोजलं याची खात्री करायला आम्हाला घेऊन दादूकडे गेले. दादू खोपीत बसला होता. तो उठला नाही.

"माझं रान हाय, इकलं मी," तो म्हणाला.

"मला का न्हाय सांगितलंस?"

"तुला कशाला सांगू? तू हवा खायाला येतोस. मी हितं राबतोय."

मिस्त्रींनी तिथंच दगडावर बसून वही उघडली. तारीख, जागा आणि आकडे. 'कळंबा, नाडी ९२. अर्धा चढ, ११८, थांबलो.' पहिल्या पानावरूनच कळलं, बसाप्पाला वर्षापूर्वी हृदयाचा झटका येऊन गेला होता. डॉक्टरांनी नाडी मोजत सायकल चालवायला सांगितली होती. आम्ही त्याला मागे सोडून जाऊ या भीतीनं त्यानं ते कुणाला सांगितलं नसावं. एका पानावर लिहिलं होतं, 'आज मिस्त्री माझ्यासाठी थांबले.' खरं म्हणजे त्या दिवशी ते त्याच्यावर नजर ठेवायला थांबले होते.

पुढच्या रविवारी बसाप्पा आला नाही, त्याच्या पुढच्याही नाही. त्याच्या कचेरीत चौकशी केली, तर मलकापूरला बदली झालेली. "एस.टी.नं जाऊ," मी म्हणालो. मिस्त्रींनी ऐकलं नाही. चाळीसच्या वर किलोमीटर, वाघबीळचा चढ, बासष्टाव्या वर्षी काळी चोवीस इंची सायकल. त्यानंतरच्या रविवारी दुपारी आम्ही दोघं त्याच्या दारात उभे राहिलो.

मिस्त्रींनी वही पुढं केली. "चुकलं माझं," म्हणाले. हे शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकत होतो.

बसाप्पानं वही घेतली. चहा पाजला. घरच्यांशी ओळख करून दिली. पण "रविवारी येतोस न्हवं कोल्हापुरात?" असं मिस्त्रींनी विचारल्यावर तो शांतपणे म्हणाला, "नाही मिस्त्री. आता तुमच्याबरोबर चढताना माझी नाडी उगाच वाढेल."

परतताना बांबवड्याच्या पुढं मला राहवलं नाही. "मिस्त्री, वहीचं मीच तुमच्या कानावर घातलं होतं."

"म्हाईत हाय की," ते म्हणाले. "पर तू कुजबुजलास. मी चारचौघात वरडलो. तुझं तू बघ, माझं मी बघतो."

त्या रविवारनंतर मिस्त्री आमच्या पुढं कधी गेले नाहीत. शेवटच्या माणसाच्याही मागं राहायचे. आधी वाटलं, गुडघे थकले. मग एकदा आमच्यात आलेला नवखा गृहस्थ चढाला थांबला, तेव्हा मी वळून पाहिलं. मिस्त्री त्याच्या बाजूला, तोंड दुसरीकडे करून, आपल्या सायकलची चेन उगाच चाचपत उभे होते. त्या माणसाला दम परत यायला बराच वेळ लागला. मिस्त्रींनी त्याला एकही प्रश्न विचारला नाही.