बूट मी घेतले होते

"काढ ते बूट. इथंच काढ."

वहिनीसाहेब बक्षिसांच्या टेबलामागून म्हणाल्या. समोर माझी पोरगी उभी होती, संगी. आठवीतली. आठशे मीटरमध्ये पहिली आलेली, अजून धापा टाकत होती. मी मंडपाच्या कडेला पाहुण्यांचे कप विसळत होते. ताराबाई पार्कातल्या त्यांच्या बंगल्यावर मी धुणंभांडं करायची. त्यांचे साहेब शाळेच्या मंडळावर, म्हणून शाळेच्या कार्यक्रमालाही कामाला मीच.

बूट त्यांच्या मुलीचे होते. पांढरे, कॅनव्हासचे. एक बूट अंगठ्यापाशी उसवलेला, तो मीच काळ्या दोऱ्यानं शिवला होता. त्या टाक्यांवरून त्यांनी ओळखले.

त्या घरात एक रीत होती. मुलीला लहान झालेलं सगळं वर्षभर माळ्यावरच्या पेटीत जायचं आणि दिवाळीला फराळासोबत माझ्या पदरात पडायचं. हे बूटही पेटीत टाकायला माझ्याच हातात दिले होते. शर्यत दिवाळीच्या आधी होती. संगी अनवाणी सराव करायची, मैदानावरच्या मुरमानं तिच्या टाचा फुटल्या होत्या. मला वाटलं, दिवाळीला आपलेच व्हायचेत, थोडे दिवस आधी नेले तर काय बिघडलं? विचारलं नाही. पिशवीत घातले आणि उचगावला घरी आणले. संगीला म्हटलं, "वैनीसाबांनी दिल्यात." तिनं ते खरं मानलं.

वहिनीसाहेबांनी मला बोलावलं. मास्तर, पालक, सगळी पोरं बघत होती. टेबलावरचा माईक सुरूच होता.

"तू दिलेस का हिला?"

संगी माझ्याकडं बघत होती. ती घाबरली नव्हती. आई आली, आता आई सांगेल, एवढंच तिच्या तोंडावर होतं.

आणि मी म्हणाले, "मला म्हाईत न्हाय वैनीसाब. पोरीनंच उचलल्यात जणू."

माझा आवाज मैदानभर गेला.

नवऱ्याला साहेबांच्या शब्दावर कारखान्यात पहारेकऱ्याची नोकरी होती. माझं काम आणि त्याची नोकरी, दोन्ही एकाच माणसाच्या मर्जीवर. हे कारण आहे. पण कारण सांगितलं म्हणून मी सुटत नाही, ते मला कळतं.

मी खाली बसले आणि तिच्या बुटांच्या नाड्या सोडल्या. तिनं घट्ट गाठ मारली होती, नखांनी सुटेना, शेवटी दात लावले. संगीनं पाय मागं घेतला नाही. प्रशस्तिपत्र दुसरी आलेल्या मुलीला गेलं. निघताना वहिनीसाहेब मला म्हणाल्या, "लेकरू आहे, मी काही मनात ठेवलं नाही. उद्या वेळेवर ये." मी त्यांचे उपकार मानले. खरंच मानले.

त्या दिवाळीला फराळासोबत तेच बूट मला मिळाले. मी दोन्ही हात पुढे करून घेतले.

शाळेत संगीचं नाव बूटचोर पडलं. नववीत तिनं शाळा सोडली. पळणं त्याच दिवशी सोडलं होतं. पुढं बस डोळ्यांदेखत सुटली तरी ती पाय उचलायची नाही, उभी राहायची पुढच्या गाडीची वाट बघत. मला तिनं एकदाही विचारलं नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. लग्न होऊन हातकणंगल्याला गेली, आणि मी त्याच बंगल्यात तीच भांडी घासत राहिले.

मग वहिनीसाहेबांच्या महिला मंडळानं बायकांसाठी दहा किलोमीटरची शर्यत सुरू केली. शेवट त्याच शाळेच्या मैदानावर. पहिल्या साली मी सरबताच्या टेबलावर होते. जी बाई वयानं सगळ्यात मोठी असून पुरी पळून आली, तिला मेडल दिलं आणि हातात माईक दिला. म्हणाले, दोन शब्द बोला. लिंबू पिळता पिळता माझा हात थांबला.

लोक अजून विचारतात, मावशी, या वयात पळायचं कसं काय सुचलं? शुगर आहे का? डॉक्टरांनी सांगितलं का? नाही बाबांनो. मला तो माईक पाहिजे होता.

वर्षभर उचगावातून कामावर पळत गेले. दूधवाले थट्टा करायचे, "आवं मावशी, यष्टी चुकली व्हय?" मी म्हणायची, "चुकलीया की. लई वर्सं झाली." दुकानात जाऊन स्वतःच्या मापाचे नवे बूट घेतले. नवरा तोवर रिटायर झाला होता. म्हणजे धाडसही मी गमवायचं काही उरलं नाही तेव्हाच केलं. हेही लिहून ठेवते.

शर्यतीच्या आदल्या दिवशी वहिनीसाहेब म्हणाल्या, "उद्या सहाला सरबताला ये."

"मी न्हाय यायची. मी पळणार हाय."

त्या हसल्या. "तू? पाय मोडून घेशील, आणि इकडं माझं काम अडेल."

संगीला फोन केला. मैदानावर ये म्हटलं. "त्या मैदानावर? न्हाय," म्हणाली आणि फोन ठेवला.

माझ्याहून मोठ्या दोघी होत्या. एक निम्म्यात रिक्षात बसली, दुसरी त्याच्याही पुढं फूटपाथवर. त्यांना बसलेलं बघून मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू? पण मग माझीच पोटरी धरली. पाय टेकवेना. मीही कठड्याला धरून उभी राहिले. बसले तर माईक गेला, आणखी एक वर्ष संगी चोर. लंगडत निघाले. आत शिरले तेव्हा मंडपाच्या खुर्च्या उचलायला लागले होते.

वहिनीसाहेबांनीच मेडल घातलं. सूत्रसंचालकानं माईक दिला. "मावशी, प्रेरणा कुठून मिळाली?"

मी म्हणाले, "ह्याच मैदानावर माझ्या पोरीच्या पायातलं बूट काढलं. तिनं चोरी केली न्हवती. बूट मी घेतलं होतं. तिला खोटं सांगून घातलं, आणि हितंच खोटं बोलून तिला चोर केलं."

दोघातिघांनी टाळ्या वाजवल्या, त्यांना भाषण संपलं असं वाटलं. वहिनीसाहेबांनी माईकला हात घातला. "बास. झालं आता." मी माईक सोडला नाही. "आणि बूट मागायचा तुमचा हक्क होता, वैनीसाब. भर मैदानात लेकराच्या पायातनं काढायचा न्हवता."

दुसऱ्या दिवशी बंगल्यावर गेले नाही. हातकणंगल्याला गेले. संगीला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मग त्या दिवशी का न्हाय बोललीस?"

"भ्याले."

"मी बी भ्याले असते की. पर तुझं नाव घेतलं नसतं."

तिनं मला माफ केलेलं नाही. मी माफी मागितलीही नाही. तेवढी लाज शिल्लक आहे.

आता दर सोमवारी मी शाळेच्या ऑफिसात जाते. अर्ज दिलाय, त्या साली आठशे मीटरमध्ये पहिली कोण आली ते लिहून द्या, आणि बूट मी नेले होते हेही. क्लार्क म्हणतो, जुनं रजिस्टर सापडत नाही. मी म्हणते, हुडका, मी बसते. बाकावर बसते, ऑफिस बंद होईपर्यंत. पहिली संगी आणि बूट नेणारी मी, ही दोन्ही नावं शाळेच्या शिक्क्यासकट कागदावर आल्याशिवाय मी तो बाक सोडणार नाही.