पाचवा भाग एक नंबर

भाजलेल्या शेंगांचा वास आला की मला पूर्णेचं आमचं रेल्वे क्वार्टर आठवतं. तिथं एका दुपारी ताई आणि मी फरशीवर पालथे पडून, शेंगा फोडत, एकाच सुपरहिरोच्या सगळ्या सिनेमांची क्रमवार यादी करत होतो. मला तिसरा भाग सगळ्यात भारी वाटायचा, तिला पहिला. भांडण असं पेटलं, की तिनं यादीच फाडली आणि भिंतीकडं तोंड करून बसली. तेवढ्यात मालगाडीवरची गार्डाची ड्युटी संपवून आलेले बाबा बुटाच्या नाड्या सोडता सोडता म्हणाले, "पाचवा एक नंबर." पाचवा तर सगळ्यात रटाळ! "त्यात काय हाय ओ बाबा?" ताईनं वळून विचारलं. "त्यात त्यो टायमावर पोचतो. बाकी समद्यात लेट. तिसऱ्यात तर पूल पडल्यावर आलाय. मी घड्याळ लावून पाहिलंय." आम्ही एकमेकांकडं पाहिलं आणि हसून हसून शेंगांची टरफलं घरभर केली. काल थिएटरात नवा भाग पाहताना हिरो मदतीला निघाला आणि माझी नजर आपोआप मनगटावर गेली. बाहेर आल्यावर ताईला मेसेज टाकला, "सात मिनिटं लेट." लगेच उत्तर आलं, "सात न्हाई, नऊ."