आहुतीनंतरचा पहिला घोट

पोटाच्या विकारांची डॉक्टर असून त्या वर्षी माझंच पोट ठिकाणावर नव्हतं. घास तोंडात फिरायचा, एका जागी बसवत नसे. पोटातल्या एका जंतूवर माझं संशोधन चाललं होतं. तो वर्षानुवर्षं मुक्काम ठोकून राहिला तर काहींना कर्करोग होतो. माझे वडील, पवनीचे विणकर, त्याच आजाराने गेले. कळलं तेव्हा फार उशीर झाला होता. म्हणून मी आमच्या भंडारा जिल्ह्यातच तपासण्या करायचा हट्ट धरला होता. पण पुरेशी माणसं मिळत नव्हती, आणि महिनाअखेरीस काम बंद करा, असं वरून सांगून झालं होतं.

तपासणी साधी होती. उपाशीपोटी पिशवीत फुंकायचं, औषधाचं पाणी प्यायचं, अर्ध्या तासाने पुन्हा फुंकायचं. घोडं अडायचं ते उपाशीपोटी येण्यावर. दवाखान्यात रिकाम्या पोटी गेलं की भोवळ येते, असा आमच्याकडे पक्का समज. लाखांदूरला एक आजोबा मिशा पुसत आले आणि म्हणाले, "उपाशीच त आलो मॅडम, थोडासा भात खाल्ला फक्त." हसावं की रडावं कळेना.

नवरात्रातल्या अष्टमीला अड्याळजवळच्या एका खेड्यात शिबिर लावलं, तर दुपारपर्यंत चिटपाखरू फिरकलं नाही. सगळं गाव तळ्याकाठी देवीच्या होमाला गेलेलं. मी तणतणत देवळात गेले, हात जोडायला नव्हे, माणसं बघायला. देव आहे की नाही, याचं उत्तर तेव्हा मला धड देता आलं नसतं. पण मूर्तीसमोर उभी राहिले आणि डोळे भरून आले. आता माझ्याने होत नाही, तूच बघ, असं मनातल्या मनात म्हणून गेले.

कुणीतरी माझी ओढणी धरून मला खाली बसवलं. पन्नाशीच्या एक अनोळखी बाई, शेवंताबाई. "काहून रडून राहिल्या?" त्यांनी विचारलं, आणि मी भडाभडा सगळं सांगून टाकलं.

"उपाशी मानसं पायजेत? मंग इथंच पाहा ना. आहुती पडेपर्यंत आमी बाया पानीबी पीत नाई."

पण तपासणीत औषध प्यावं लागतं, उपास मोडेल, असं मी म्हणाले. त्या उठून पुजाऱ्यांशी बोलल्या, बायांशी बोलल्या आणि परत आल्या. "आहुती पडली का पयला घोट तुमच्या औषधाचा. परसाद अर्ध्या घंट्यानं. देवी काई रुसत नाई."

बायांनी सगळं समजून घेऊन होकार दिला आणि पिशव्या फुंकल्या. औषधाचे पेले देवीच्या पायाशी ठेवले गेले. आहुती पडली, आणि एकेकीने तो पेला आधी कपाळाला लावला, मग तोंडाला. पुढचा अर्धा तास संपता संपेना. प्रसादाचा वास सुटलेला, लेकरं किरकिरत होती, मी देवळाभोवती येरझाऱ्या घालत होते. "बसा ना एका जागी," शेवंताबाई म्हणाल्या, "तुमाले पाहून आमालेच भूक लागून राहिली."

त्या एका दुपारी पुरेशी माणसं मिळाली आणि माझं संशोधन वाचलं.

नंतर अहवाल सांगायला गेले. जंतू पुष्कळ जणींत निघाला, तसा शेवंताबाईंतही. मी गोळ्या समजावत असताना त्या सहज म्हणाल्या, जेवलं की दुखतं, म्हणून उपासच बरा वाटतो. मी त्यांना लगेच पुढच्या तपासणीला नेलं. पोटात दुर्बीण घालून पाहिलं तर कर्करोग होता, पण अगदी सुरुवातीचा. नागपुरात शस्त्रक्रिया झाली आणि त्या बऱ्या झाल्या.

गेल्या अष्टमीला पुन्हा त्या देवळात गेले. बाकीच्या बाया उपाशी, आणि शेवंताबाई देवीसमोरच डबा उघडून बसलेल्या. "डॉक्टरनं मना केलं उपासाले," त्या हसून म्हणाल्या.

"देवी रागावली तर?"

"कायले रागावन? तुमाले तिनंच त आनलं."

इतके दिवस मी समजत होते की देवीने माझ्या कामासाठी माणसं दिली. मी कुणासाठी तरी पाठवली गेले असेन, हे माझ्या मनातही आलं नव्हतं. माझी तगमग अजून गेलेली नाही, पण हात जोडल्यावर काय हवं ते आता मी सांगत नाही. त्या दिवशीही नुसती बसले. शेवंताबाई वाटीभर दहीभात सावकाश खात होत्या, आणि शेवटचं शीत संपेपर्यंत मी त्यांच्याकडे बघत राहिले.