पाखऱ्याची बारी आणि अण्णांची मोटार

हे मी अजून कुणाजवळ बोललेलो नाही. घरात नाही, नारायणगावच्या कॉलेजात तर मुळीच नाही. तिथं मी कॉम्प्युटर शिकतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मीच पहिला, त्यामुळे निमगाव सावाच्या आमच्या मळ्यात कॉम्प्युटरबद्दल मी म्हणेन ते खरं. अडचण तिथंच आहे.

आमच्या घरातल्या कॉम्प्युटरमध्ये एक व्हिडिओ होता. आमचा बैल पाखऱ्या यात्रेतल्या बैलगाडा शर्यतीत पळाला, ती त्याची शेवटची बारी. ज्या मोबाइलवर काढला तो विहिरीत पडला, म्हणून ही एकच प्रत. अण्णा — माझे वडील — आल्या पाहुण्याला चहाआधी ती दाखवायचे. "पावणं, त्याचं कान बगा." कानच का, हे अजून कुणाला कळलेलं नाही.

मला मात्र ट्रॅक्टर चालवायचा एक गेम हवा होता. दारात खरा ट्रॅक्टर उभा असताना — हसलात ना? गेम विकतचा होता. लायसन्स चुकवून तो फुकट चालवणारं एक टूल मी उतरवलं. सूचना होती, आधी अँटीव्हायरस बंद करा. चोरानं सांगावं, कुत्रं बांधून ठेवा, आणि आपण बांधावं? मी बांधलं.

गेम सुरू झालाच नाही. टूलमधल्या व्हायरसनं फाइली तेवढ्या सगळ्या लॉक झाल्या, एकही उघडेना. पाखऱ्याही त्यातच. तेवढ्यात विहिरीवर अण्णांनी पाण्याची मोटार चालू केली आणि घरातला बल्ब फडफडला. मला तेवढंच पुरलं. अण्णा आल्यावर म्हणालो, "मोटारीनं व्होल्टेज पडलं. सगळं उडालं."

ते उंबऱ्यातच बसले. "म्हंजी बारी म्याच घालवली व्हय रं?"

मी कॉम्प्युटरचा प्लग काढून ठेवला.

याला दोन वर्षं झाली. शेजारी घरबसल्या मोबाइलवरून मोटार चालू करतात. अण्णांनी तसला स्टार्टर बसवूच दिला नाही. वावरातून आधी घरी येतात, दारातून विचारतात, "इंजिनेर, मशिन बंद केलं का?" मग पुन्हा विहिरीकडे. पाहुण्यांना आता बारीऐवजी स्वतःची चूक सांगतात, अगदी रंगवून. सगळे हसतात. मीही.

आज सकाळीही आले. कॉम्प्युटर बंदच होता. "करा चालू," म्हणालो. ते बांधावरून निघाले, रमतगमत, गुणगुणत.

मोटारीनं काहीच केलं नव्हतं. मी केलं होतं.